जाजमाची हद्द

धानोळी, ४ नोव्हेंबर १९५६

राज्य बदललं. गुरुवारपासून आम्ही मुंबई राज्याचे रहिवासी. ऐन दिवाळीत शाळेला सुट्टी असतानाही मी पोरं गोळा केली, झेंडा लावला आणि भाषण ठोकलं. भाषण फर्मास झालं. बलभीमराव पाटलांनी बत्तासे वाटले. टाळ्या भाषणाला होत्या का बत्ताशांना, असं सौ.नं घरी आल्यावर विचारलं.

दुपारी नाला ओलांडून हिरेकल्लूरचे महालिंगप्पा आले. तुळजापूर सोडून मी या शाळेवर आलो, तेव्हापासूनची आमची दोस्ती. दर दिवाळीला ते आपल्या मळ्यातली विड्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून करंडीतून आणतात. आल्या आल्या म्हणाले, "मास्तर, रात्री निजलो तवा तुमचा शेजारी होतो. उठून बघतो तर म्हैसूरच्या राज्यात!" आणि पोट धरून हसायला लागले. नाल्याच्या अल्याड मुंबई राज्य, पल्याड म्हैसूर. मी म्हणालो, "अहो, रेघ नकाशावर असते. नाल्याला काय कळतंय?"

वाक्य मला इतकं आवडलं की सौ.ला दोनदा ऐकवलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "नाल्याला नाही कळत, पण कचेरीला कळतं." सणासुदीला तरी चार शब्द शुभ बोलावेत की नाही माणसानं!

२१ नोव्हेंबर

आज उमरग्याहून ओव्हरसियर आला. नवा माणूस, डोक्यावर हॅट. म्हणाला, पाणी कमिटीची नवी नोंदणी करायची आहे, आणि हिरेकल्लूर आता परराज्य, तेव्हा त्याचं नाव वगळा.

नोंद म्हणून लिहून ठेवतो. कमिटी आमच्या आजोबांच्या काळातली. नाल्यावर दगडी बंधारा आहे. त्यातून पाट निघतो, आमच्या बाजूच्या चार गावांच्या रानातून फिरतो आणि शेवटी दगडी पन्हाळीवरून नाला ओलांडून हिरेकल्लूरच्या पानमळ्यांत उतरतो. प्रत्येक गावाला पाण्याची बारी. पाच गावांचे पाच पंच, पाटील अध्यक्ष, मी चिटणीस. बंधारा बांधताना दगड वाहायला हिरेकल्लूरचे बैल होते, हे शेंबडं पोरही सांगेल.

मी ओव्हरसियरला विचारलं, "नाव काढलं, मग पाणी?"

"ते तुमच्या कमिटीनं ठरवायचं. पण कमिटीत सभासद फक्त मुंबई राज्याचे."

मी पाटलांकडं पाहिलं. पाटील म्हणाले, "कायद्याम्होरं कुणाचं चालतंय का मास्तर?" पाटील कायद्याला इतके मानतात, हे मला आजपर्यंत ठाऊक नव्हतं. पाचाची बारी चौघांत आली की त्यांच्या उसाला दीड दिवस जास्त पाणी मिळेल, हे मात्र ठाऊक आहे.

ऊस पंधरा दिवस तहान काढील. पानवेल नाही काढत. महालिंगप्पांची विहीर पाटाच्या पाण्यावरच भरते. पाट गेला तर मळा गेला, आणि मळा लावून उभा करायला माणसाची अर्धी हयात जाते. हे मी सर्वांसमोर बोललो. जरा मोठ्यानंच बोललो. मी चिडखोर आहे असं सौ. म्हणते. मी चिडखोर नाही, मला गाढवपणा सहन होत नाही, एवढंच.

२ डिसेंबर

हिरेकल्लूरवाचून कमिटीची पहिली बैठक. आणि शेवटचीही ठरते की काय कोण जाणे!

आमच्या बैठकीची रीत अशी: मारुतीच्या देवळात जाजम अंथरायचं, महालिंगप्पांच्या करंडीतलं पान तबकातून सगळ्यांपुढं फिरवायचं. पान तोंडात घातलं की बारी ठरेपर्यंत कुणी उठायचं नाही. राग येवो, भूक लागो, घरी म्हैस विवो. ही रीत कुणी घातली कुणास ठाऊक, पण आजवर ती मोडलेली मी पाहिली नाही.

आज करंडी नव्हती. म्हणून वरवाडीचे रामकिसन येताना मुरुमच्या बाजारातून पानं घेऊन आले. सगळ्यांनी खाल्ली. बारीचा विषय निघाला तसे रामकिसनच तावातावानं उठले, पिंक टाकली आणि वहाणा शोधायला लागले.

मी ओरडलो, "रामकिसन, तोंडात पान आहे तुमच्या!"

"बाजारचं पान हाय मास्तर. त्याला कसलं आलंय बंधन?"

त्यांच्या मागोमाग उरलेली दोन्ही गावं उठली. जाजमावर मी आणि पाटील दोघंच उरलो. बारी ठरली नाही.

माझ्या मते दोष शिक्षणाचा आहे. आमच्या लोकांना सभाशास्त्र ठाऊक नाही. विषयपत्रिका नाही, तास नाही, काही नाही. रात्री जेवताना सौ.नं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पान कुठलं होतं म्हणालात?" एवढा गंभीर मामला, आणि हिला पानाचं पडलंय!

१३ डिसेंबर

बारी ठरलेली नाही, म्हणून ज्याला वाटेल तो पाट फोडतो. वरवाडीवाल्यांनी तर पाणी अडवायच्या मोरीच्या फळ्याच काढून नेल्या. पाटलांच्या उसापर्यंत पाणी येता येता आटतं. पाटील रोज सकाळी बंधाऱ्यावर जाऊन शिव्या देतात. पाटलांच्या शिव्या ऐकण्यासारख्या असतात, पण त्यांनी ऊस भिजत नाही.

हिरेकल्लूरला तर थेंबही गेलेला नाही. महालिंगप्पा आज शाळेच्या कुंपणाशी भेटले. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "मास्तर, वेल पिवळी पडायल्यात. माझ्या बापानं लावलेली वेल हाय. चार हंडे घालून किती जगवू?"

मी म्हणालो, "मी काहीतरी करतो."

काय करतो, ते मलाच ठाऊक नव्हतं. वर्गात येऊन उगाच एका पोराला कान धरून उभं केलं.

२२ डिसेंबर

सापडलं! सापडलं, सापडलं!

आज मुरुमला गेलो होतो. वाचनालयात सोलापूरहून आलेलं वर्तमानपत्र वाचत होतो. जपानला युनोत सभासद करून घेतल्याची बातमी होती, आणि खाली लिहिलं होतं, की आजवर जपान सभासद नसतानाही त्याचा माणूस न्यूयॉर्कला होता. निरीक्षक म्हणून. त्यानं बसायचं, ऐकायचं, मत द्यायचं नाही. स्वित्झर्लंडचा माणूस तर सभासद व्हायची इच्छा नसतानाही तिथं जाऊन बसतो!

मी वाचनालयात उभा राहून मोठ्यानं "वाहवा!" म्हणालो. लोकांनी वळून पाहिलं. पाहू देत.

जगातली मोठमोठी राज्यं जर परक्याला आपल्या बैठकीत जागा देतात, तर धानोळीच्या पाणी कमिटीला काय धाड भरलीय? घरी येईपर्यंत बैलगाडीत मनातल्या मनात ठराव तयार झाला. "असभासद गावास मर्यादित सहभाग देण्याबाबत." हिरेकल्लूरच्या प्रतिनिधीनं बैठकीस हजर राहावं, आपल्या पाण्यापुरतं बोलावं, मत देऊ नये, सही करू नये. शेवटच्या बारीचं पाणी मात्र त्याला पूर्वीप्रमाणं मिळावं. एकही अक्षर कायद्याच्या विरुद्ध नाही.

सौ. भाकरी थापत होती. तिला उभ्यानं ठराव वाचून दाखवला. म्हणाली, "छान आहे. महालिंगप्पांना विचारलंत का?" अगं, विचारायचं काय त्यात! बुडत्याला हात देताना विचारतात का?

२७ डिसेंबर

उमरग्याला जाऊन आलो. ओव्हरसियरनं ठराव दोनदा वाचला, हॅट काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "सभासद नाही, मत नाही, सही नाही. मग हरकत घ्यायला काही उरत नाही. फक्त सभासदांच्यात मिसळून बसवू नका. वेगळं बसवा, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको."

मी म्हणालो, "युनोतही वेगळंच बसवतात." बसवतात की नाही मला माहीत नाही, पण बसवत असावेत.

परत येताना पाटलांच्या वाड्यावर गेलो. पाटलांनी ऐकून घेतलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. "म्हंजे आमच्या मेव्हण्यागत. वाटणीत नाव न्हाय, पर जेवाय रोज हजर."

"पाटील, हा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे."

"मत न्हाय ना त्याला?"

"नाही."

"मग बसंना का. पर पाण्याचं मी काय कबूल केलेलं न्हाय, ह्ये ध्यानात ठिवा."

ध्यानात ठेवलं. एकदा माणूस बैठकीत आला की पुढचं मी बघतो.

६ जानेवारी १९५७

हे लिहितोय ते रागानं का शरमेनं, सांगता येत नाही.

सकाळपासून मी देवळात होतो. शाळेतली माझी स्वतःची खुर्ची आणली. हात असलेली खुर्ची गावात ती एकच. खांबाजवळ, जाजमापासून चार हात अंतरावर ठेवली. पुढं मेज, त्यावर सौ.चा भरतकामाचा रुमाल, आणि पुठ्ठ्यावर माझ्या उत्तम अक्षरात: "हिरेकल्लूर, म्हैसूर राज्य". न्यूयॉर्कवाल्यांनी पाहिलं असतं तर मान डोलावली असती.

महालिंगप्पा आले. धुतलेलं धोतर, जरीचा पटका, काखेत करंडी. मळ्यात पिवळ्यातून हिरवी राहिलेली पानं निवडून आणली होती. पायरीशी वहाणा काढल्या. जाजमाकडं पाहिलं. पाटील, रामकिसन, सगळे जाजमावर बसलेले. मग खुर्चीकडं पाहिलं.

मी पुढं होऊन म्हणालो, "या, या! ही तुमची जागा."

त्यांनी काढलेल्या वहाणा पुन्हा पायात घातल्या. "येतो, मास्तर," एवढंच म्हणाले आणि करंडी घेऊन निघून गेले.

मी मागं धावलो. नाल्यापर्यंत धावलो. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. परत येतो तर देवळात कुणी नाही, आणि माझ्या खुर्चीवर पाटलांचं कुत्रं बसलेलं.

मान दिला, खुर्ची दिली, मेज दिलं. आणखी काय पाहिजे होतं माणसाला?

७ जानेवारी

सौ.शी भांडण झालं. तिचं म्हणणं लिहून ठेवतो, कारण रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

तिनं विचारलं, "गावात जाजमाबाहेर कुणाला बसवतात?"

"ज्याचा निवाडा करायचा असतो त्याला."

"आणि?"

"वाळीत टाकलेल्याला."

"मग?"

"अगं, पण खुर्ची होती ती! हात असलेली!"

"खुर्ची सोन्याची का असेना. होती जाजमाबाहेरच ना? ज्या माणसाचं पान सगळ्यांना धरून ठेवतं, त्याला तुम्ही चार पंचांदेखत बाहेर बसवलंत, वर गळ्यात पाटी अडकवायला निघालात."

पाटी गळ्यात नव्हती, मेजावर होती, हे मी तिला बजावलं. पण आवाजात जोर नव्हता.

१० जानेवारी

हिरेकल्लूरला गेलो. महालिंगप्पांनी घोंगडं अंथरलं. प्रकृती विचारली, पोरांची परीक्षा कधी ते विचारलं. नागूबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, गूळ घालून दूध दिलं. खुर्चीचा शब्द कुणी काढला नाही. मी काढायचा प्रयत्न केला तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर. कायदा हाय तुमचा."

तुमचा, म्हणाले. आजवर त्यांनी कधी तुमचं-आमचं केलं नव्हतं.

मळा दाखवायला नेलं. कडेच्या दोन ओळी गेल्या. पाचोळा हातात घेतला तर चुरा झाला. विहिरीत बायका खाली उतरून वाटीनं पाणी भरत होत्या. म्हणाले, "आठ-पंधरा दिस अजून. मग कुऱ्हाड लावायची. वेल मरताना बघवत न्हाय."

निघालो. पायरीपर्यंत पोचवायला आले, नमस्कार केला. अर्ध्या वाटेवर माझ्या ध्यानात आलं, पानमळेवाल्याच्या घरून मी पान न खाता चाललो होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी विचारलं नाही, आणि मला मागायचं तोंड नव्हतं. बांधावर बसून मी चक्क रडलो. कुणी पाहिलं नाही, निदान मला तसं वाटतं.

१५ जानेवारी

काल संक्रांत. सौ. वाण घेऊन हिरेकल्लूरला गेली. एकटी नव्हे, पाटलीणबाई तुळजाबाई आणि आणखी पाच-सहा जणी. मी विचारलं, नाला ओलांडून परराज्यात जायचं काय अडलंय? तर म्हणे, "वाणाला कसली आली हद्द!"

दिवेलागणीला परत आल्या. सगळ्यांचे ओठ लाल! सौ.नं माझ्यासाठी म्हणून फडक्यात एक पान बांधून आणलं. नागूबाईंनी दिलं म्हणाली. मी ते ताबडतोब खाल्लं नाही. थोडा वेळ हातात धरून बसलो.

तिथं काय बोलणं झालं, ते खोदून खोदून विचारलं. नागूबाई तुळजाबाईंना म्हणाल्या म्हणे, "आमच्या यजमानांना तुमचं मत-बित नको, अव्वा. जाजमाचा एक कोपरा पायजे." म्हणजे माझ्या ठरावातलं मताचं कलम त्यांना मान्य आहे! हा केवढा मोठा मुद्दा! सौ.ला तसं म्हणालो. ती म्हणाली, "हो, हो. कलमच मान्य आहे," आणि तीळ निवडायला लागली.

१८ जानेवारी

आज पाटील स्वतः शाळेत आले. आल्या आल्या म्हणाले, "मास्तर, तुमच्या त्या ठरावाचं काय झालं? बसून काढा की काहीतरी तोड!" मी थक्क झालो. माझं सत्तावीस तारखेचं बोलणं त्यांच्या मनात मुरलं असावं. चांगला युक्तिवाद असाच उशिरा काम करतो. पाटील पुढं पुटपुटले की ऊस निम्मा वाळला, वरवाडीकर ऐकत न्हाईत, आणि घरात चार दिवस झाले कुणी धड बोलत न्हाय. शेवटच्या गोष्टीचा इथं काय संबंध, ते कळलं नाही.

पण तोड काय? जाजमावर बसवावं तर ओव्हरसियर आडवा येतो. जाजमाबाहेर बसवावं तर महालिंगप्पा येत नाहीत.

बोलत बोलत दोघं बंधाऱ्यावर गेलो. पल्याडच्या टोकाला महालिंगप्पा बसले होते, कोरड्या पन्हाळीकडं बघत. बंधाऱ्याचा माथा बैलगाडी जाईल एवढा रुंद, आणि बरोबर मध्यावर मोजणीवाल्यांनी नुकताच रोवलेला हद्दीचा दगड. पाटील इकडच्या टोकाला टेकले. मग पाटलांनी ओरडून विचारलं, "आप्पा, मोरीच्या फळ्या कुणी नेल्या बघितलं का?"

तिकडून उत्तर आलं, "बघितलं. पर मी सभासद न्हाय!"

पाटील हसले. महालिंगप्पाही हसले. आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अरे! हे दोघं बोलताहेत की! एक मुंबई राज्यात बसलाय, एक म्हैसूरच्या राज्यात, आणि मधे नुसता दगड!

मी तिथंच नाचायला लागलो. पाटलांना वाटलं, मला विंचू चावला.

२३ जानेवारी

ओव्हरसियरला विचारलं, "कमिटीचे सगळे सभासद मुंबई राज्यात बसले तर चालेल?"

"चालेल म्हणजे? तसंच पाहिजे."

"आणि त्याच वेळी म्हैसूर राज्यातला एक माणूस म्हैसूर राज्यातच बसला तर?"

"तो त्याच्या राज्यात बसो, निजो, डोक्यावर उभा राहो. मला काय करायचंय?"

"जाजम दोन्हीकडं असलं तर?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग हॅट टेबलावर ठेवून इतका हसला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "जाजमाबद्दल नियमात काही नाही," म्हणाला. लेखी मागितलं. दिलं! असला दिलदार अंमलदार या तालुक्यात दुसरा नाही. पूर्वी त्याच्याबद्दल जे काही म्हणालो असेन ते मागं घेतो.

२७ जानेवारी

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

देवळातलं जाजम बंधाऱ्यावर लांबलचक अंथरलं, अर्धं मुंबई राज्यात, अर्धं म्हैसूरमध्ये. मध्यावर हद्दीच्या दगडानं ते उचललं गेलं होतं, तेवढी जागा सोडून सगळे बसले. चार गावांचे पंच इकडं. मी हिरेकल्लूरला जाऊन महालिंगप्पांना हाताला धरून आणलं. वाटेत त्यांना म्हणालो, "खुर्चीबद्दल माझं चुकलं." ते म्हणाले, "मास्तर, खुर्ची लई चांगली होती. बसायला माणूस चुकीचा बोलावला तुम्ही." आणि माझा हात सोडला नाही.

जाजमाच्या आपल्या टोकाशी त्यांनी वहाणा काढल्या. पाटील उठून उभे राहिले. अध्यक्ष उभा राहिला म्हणून सगळे उभे राहिले. बंधाऱ्याच्या दोन्ही काठांवर बायकापोरांची ही गर्दी!

तबक फिरलं. हिरेकल्लूरचं पान दगडावरून मुंबई राज्यात आलं. मी ठराव वाचला: असभासद गावास मर्यादित सहभाग. बसावं, आपल्या पाण्यापुरतं बोलावं, मत देऊ नये. सगळ्यांनी माना हलवल्या.

मग बारीचा विषय. रामकिसन पेटले. हिरेकल्लूरला पाणी द्यायचं तर वरवाडीचा अर्धा दिवस जातो, म्हणाले. तोंड लाल, डोळे लाल. "आमाला न्हाय मंजूर!" म्हणत एक गुडघा टेकून उठायला लागले. रामकिसन उठले असते तर सगळं संपलं असतं, बारी, मळा, सगळं.

महालिंगप्पा आपल्या जागेवरून, आवाज न चढवता म्हणाले, "रामकिसन, पान हाय तोंडात."

बस्स, एवढंच.

रामकिसन तसेच थांबले. गालातल्या पानाकडं जीभ गेली असावी. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग हळूच मांडी घातली आणि म्हणाले, "मग अर्धा दिस कुटून भरून देता त्ये तरी सांगा."

पाटलांनी आपल्या उसाचा अर्धा दिवस दिला! पाटलांनी! काठावर तुळजाबाई पदर सावरून उभ्या होत्या, तिकडं पाहत पाटील म्हणाले, "घ्या, लिवा मास्तर." मी लिहिलं. पाच गावांची बारी ठरली. काठावर आरोळ्या उठल्या, कुणी हलगी आणली होती ती वाजायला लागली. हिरेकल्लूरची पोरं आणि आमची पोरं नाल्यात उतरून एकमेकांवर माती उडवायला लागली.

कामकाजात मी लिहिलं: "असभासद प्रतिनिधींनी शिस्तीबाबत एक सूचना केली. ती मान्य झाली." आणि ठरावातलं मताचं कलम शाबूत राहिलं, याचा मला विशेष अभिमान आहे. महालिंगप्पांना सगळं दिलं, पण मताचा अधिकार दिला नाही. कायदा पाळला.

घरी सौ.ला तसं सांगितलं. ती म्हणाली, "या कमिटीत मतं कधी मोजली होती हो?"

मी म्हणालो, जुनी कागदपत्रं पाहावी लागतील. सवडीनं पाहीन.

१ फेब्रुवारी

आज हिरेकल्लूरची बारी. शाळा लवकर सोडून आम्ही दोघं नवराबायको पलीकडं गेलो. हिंदी-मराठी-कानडी सगळ्यांत एकच ओरडा चालला होता: आलं, आलं! पन्हाळीच्या तोंडाशी आधी पाचोळा आला, मग फेस, मग पाणी. नागूबाई लुगडं खोचून पाटात उभ्या राहिल्या आणि पाणी पायावरून गेलं तसं त्यांनी सौ.ला आत ओढलं. दोघी भिजल्या, दोघी हसत सुटल्या.

पाणी वाफ्यात शिरलं. सुकलेल्या दोन ओळी गेल्या त्या गेल्या, पण बाकीचा मळा उभा आहे. महालिंगप्पा प्रत्येक वेलीच्या बुडाशी बसून माती दाबत निघाले. मी मागं मागं.

म्हणालो, "महालिंगप्पा, पुढच्या वर्षी कायदा बदलला तर तुमच्या मतासाठी मी मुंबईपर्यंत लिहीन. जपानला दिलं, तुम्हाला का नाही?"

त्यांनी ओल्या हातानं माझ्या खांद्यावर थाप दिली. सदऱ्यावर पाचही बोटं उमटली.

"मत तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, मास्तर," म्हणाले. "पाणी आलं."